जुना ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी तो काय राबलाय ते बघा

एकाच महिन्यात शोरूममधून निघालेले ४५ एचपीचे दोन ट्रॅक्टर दहा वर्षांनी शेजारीशेजारी उभे केले, तर कागदावर दोघांचं वय सारखंच भरेल. पण एकाने बारामती-इंदापूरकडे दर हंगामाला दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलेला असतो आणि दुसऱ्याने शिरूरकडच्या एखाद्या घरच्या दहा एकरांत नांगरट, पाळी आणि मळणीपलीकडे काही पाहिलेलं नसतं. रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात, आणि विकायला काढलेल्या ट्रॅक्टरला रंग मारलेला असतोच. म्हणून ‘मॉडेल कितीचं?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, याने आजवर कोणतं काम केलं? विकणारा सांगायचं ते सांगेल. खरं उत्तर ट्रॅक्टरच्या अंगावर असतं आणि ते वाचता येतं.

त्याआधी आपलं काम

पुणे जिल्ह्यात ‘शेतीला चांगला ट्रॅक्टर कोणता’ याला एकच उत्तर नाही. मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या भातखाचरांत जड ट्रॅक्टर रुततो आणि छोट्या खाचरात वळतही नाही. तिथे २० ते ३० एचपी पुरतात. पुरंदरची अंजीर-सीताफळाची बाग किंवा जुन्नरकडची द्राक्षबाग असेल, तर ताकदीइतकीच रुंदी महत्त्वाची. १८ ते २८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर दोन ओळींतून फांद्या न मोडता जातो की नाही हे फूटपट्टीने मोजूनच ठरवा. दौंड, बारामती, इंदापूरच्या भारी काळ्या रानात दोन फाळी पलटी नांगर चालवायचा, तर ४५ ते ५० एचपीच्या खाली उतरू नका. हलक्या-मध्यम जमिनीत पाच फुटी रोटाव्हेटरला ३५ ते ४५ एचपी बस्स होतात.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा ब्लोअर हे सगळं पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतं आणि तिथपर्यंत साधारण ८५ ते ९० टक्केच ताकद पोहोचते. ब्लोअरवाल्याने ‘किती एचपी लागतात’ म्हणून सांगितलं तर इंजिनाचे की पीटीओचे, हे विचारून घ्या.

आणखी एक सीमारेषा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक निकष लागू झाले. ते पाळायला कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक डिझेल पंप, सेन्सर आणि कॉम्प्युटर आणला. त्याच्या खालच्या वर्गात अजून जुना यांत्रिक पंपच जास्त दिसतो, जो तालुक्याच्या गावातला पंपवाला खोलून जुळवून देतो. पहिलाच जुना ट्रॅक्टर घेत असाल आणि काम ५० एचपीच्या आत भागत असेल, तर यांत्रिक पंपाचाच घ्या.

अंगावरच्या खुणा

ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर ओळखायला बोनेट उघडायची गरज नाही. मागे जा आणि ट्रॉली अडकवायच्या हुकाचं भोक बघा. नवं भोक गोल असतं. भरलेल्या ट्रॉलीने वर्षानुवर्षं ओढलं की ते लांबट, अंड्यासारखं होतं, किंवा कुणीतरी त्यावर वेल्डिंगने जाड पट्टी चढवलेली असते. मग मागच्या टायरचे गुठ्ठे बघा. शेतात राबलेल्या टायरचे गुठ्ठे कडेला आणि टोकाला झिजतात. डांबरी रस्त्यावर ओढलेल्या टायरची मधली पट्टी गुळगुळीत होते आणि कडेचे गुठ्ठे जाग्यावर राहतात. ब्रेक पेडलची पट्टी पायाने चकचकीत झालेली, पुढच्या बंपरवर जादा वजनं लावलेली, वायरिंगमध्ये जागोजागी टेप गुंडाळलेली, आणि मडगार्डवर स्पीकरची भोकं. ऊसवाहतुकीत गाणी वाजल्याशिवाय हंगाम निघत नाही. त्यात वाईट काही नाही, पण त्या बॉक्ससाठी ओढलेल्या वायरी पुढे बॅटरी आणि अल्टरनेटर खातात.

अशा ट्रॅक्टरचं इंजिन कित्येकदा ठीक असतं. मार बसतो तो क्लच, ब्रेक, क्राउन-पिनियन (मागची चाकं फिरवणारी गिअरची जोडी) आणि मागच्या एक्सलच्या बेअरिंगला. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना पुढची चाकं उचलतात, तेव्हा सगळा भार मागच्या हाउसिंगवर येतो. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथली बोल्टची ओळ आणि पुढच्या एक्सलचा आधार, या दोन ठिकाणी चीर किंवा वेल्डिंग आहे का ते टॉर्च घेऊन बघा. ताजा रंग तिथेच जास्त जाड असेल तर नखाने खरवडून बघायला लाजू नका.

भाताच्या चिखलणीचा ट्रॅक्टर वेगळा खराब होतो. मागची चाकं पाण्यात, एक्सलच्या सीलपर्यंत चिखल. सील एकदा कडक झालं की पाणी आत जातं आणि मागच्या हाउसिंगमधलं तेल दुधाळ चहासारखं होतं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि लिफ्टचं (मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचं) तेल एकच असतं. मॅसी १०३५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये तर लिफ्टचा पंप आतच, त्या तेलात बसवलेला असतो. म्हणजे एका सीलमधून गेलेलं पाणी गिअरची बेअरिंगही खातं आणि लिफ्टचा पंपही. हे तपासायची रीत सोपी आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या. सकाळी सुरू करायच्या आत हाउसिंगच्या तळाचा ड्रेन बोल्ट थोडा सैल करा आणि खाली स्टीलची वाटी धरा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असेल तर आधी तेच येतं. नुसतं तेल आलं तर ते बोटांत चोळा. चंदेरी चमक दिसणं जुन्या गिअरबॉक्सला चालतं. टोचणारा कण लागला तर आत दात तुटतोय. विकणारा बोल्ट सैल करू देत नसेल, तर चहा घेऊन परत फिरा. चिखलणीच्या ट्रॅक्टरचे ब्रेकही तपासावे लागतात, विशेषतः कोरड्या डिस्कचे, कारण त्यांत माती जाऊन डिस्क आणि प्लेट दोन्ही खरवडल्या जातात. तेलात बुडालेल्या ब्रेकला हा त्रास कमी.

भाड्याने रोटा मारणारा ट्रॅक्टर तासांनी थकलेला असतो. सबंध दिवस इंजिन वरच्या फेऱ्यांवर आणि मागून धुळीचा लोट. पीटीओ शाफ्टवरचे खाचे बघा: धार निघालेली, वळलेली असेल तर हा ट्रॅक्टर पीटीओवरच जगला. पीटीओच्या सीलमधून तेल गळून खाली धुळीची काळी वडी जमलेली असते. अवजार अडकवायचे खालचे दोन पाटे बाहेर वाकलेले, टोकांच्या गोट्या खळाखळा वाजणाऱ्या.

आणि घरचा ट्रॅक्टर? तो सगळ्यांना हवा असतो, पण त्यालाही वेगळी खोड असते. वर्षात महिना-दोन महिने चालून बाकी गोठ्याशेजारी उभा राहिलेल्याची रबरं वाळतात, डिझेल टाकीत गाळ बसतो, उंदीर वायरी कुरतडतात. ही दुरुस्ती मात्र स्वस्तात होते. थोडं कमी-जास्त देऊनही घरचा ट्रॅक्टर मिळत असेल तर तोच घ्यावा.

मीटरचं काय? आवर मीटर हा पुरावा नाही, फार तर साक्षीदार. जुन्या केबलच्या मीटरमध्ये इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चाललं तरच मीटरचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. हळू चाललं की मीटर मागे पडतं. केबल तुटली की ते थांबतंच, आणि पुन्हा जोडायची कुणाला घाई नसते. २,१०० तास दाखवणाऱ्या ट्रॅक्टरचं क्लच पेडल कडेने पातळ झालेलं असेल आणि स्टिअरिंगचं रबर घासून आतली लोखंडी कडी दिसत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा.

इंजिन, थंड असताना

बघायला जायची वेळ सकाळची, आणि विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगा की ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’. पोहोचल्यावर पहिलं काम, तळहात रेडिएटरवर. गरम लागला तर यांनी तो आधीच सुरू केलाय. थंडीत उठायला त्रास देणाऱ्या ट्रॅक्टरचा रोग लपवायचा हा सर्वांत जुना उपाय.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला. पाणी गंजासारखं तांबूस असेल तर कुलंट कधी घातलंच नाही. बोअरचं क्षाराचं पाणी थेट रेडिएटरमध्ये ओतायची सवय बारामती-इंदापूरकडे घात करते: नळ्यांत पांढरा थर बसतो आणि उन्हाळ्यात रोटा मारताना काटा लाल पट्टीत जातो. वेट लायनरच्या इंजिनात (पिस्टन ज्यात चालतो त्या नळीला, म्हणजे लायनरला, बाहेरून पाणी लागतं; आपल्याकडचे बरेच ट्रॅक्टर तसेच आहेत) साध्या पाण्याने लायनरच्या बाहेरच्या अंगाला टोचल्यासारखी बारीक भोकं पडतात. एक दिवस त्यातलं एक आरपार जातं आणि पाणी थेट ऑइलमध्ये. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइल काळं असणं हा गुन्हा नाही. साय धरलेलं, राखाडी असेल तर व्यवहार तिथेच संपतो.

आता एअर क्लिनर. हा भाग विकणारा कधी दाखवत नाही आणि घेणारा कधी बघत नाही, पण इंजिनाचं आयुष्य इथेच ठरतं. तेलाचा एअर क्लिनर असेल तर खालची वाटी काढा. तळाला अर्धा इंच चिखल बसला असेल तर समजा, गेला हंगामभर कुणी पाहिलेलं नाही. मग क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ निघायला हवं, फार तर तेलकट. बोटाला बारीक पिठासारखी माती लागली, तर पाईपला चीर आहे किंवा क्लिप ढिली आहे, आणि तीच माती लायनर-पिस्टनमध्ये गेलेली आहे. अशा इंजिनात नवीन रिंगा घातल्या तरी एका हंगामात पुन्हा धूर सुरू होतो. वीस रुपयांच्या क्लिपवरून पूर्ण इंजिनकाम, असा हा हिशोब.

सुरू करताना धुराकडे बघा. थंड इंजिनाचा पहिला पांढरा धूर अर्ध्या मिनिटात विरायला हवा. इंजिन तापल्यावरही निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय: रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड. भारावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, नोझल खराब किंवा हवा कमी. पंपावरचं शिसाचं सील तुटलेलं असेल आणि काळा धूर सुटत असेल, तर ताकदीसाठी पंप ‘वाढवलेला’ आहे. ऊस ओढणाऱ्यांत हे सर्रास चालतं आणि त्याची किंमत पिस्टन आणि डिझेल दोन्हीत भरावी लागते.

इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. टणटण उड्या मारायला लागलं आणि तोंडातून फसफसून धूर येत असेल, तर सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली उतरतोय. ऑइलचा दाबही तापल्यावरच बघायचा, संथ फेऱ्यांवर. इथे एक लबाडी चालते. दाबाचा दिवा काढून टाकलेला असतो किंवा त्याची वायर तोडलेली असते, म्हणजे तो कधी लागतच नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी दिवा लागायलाच हवा. सुरू झाल्यावर विझायला हवा.

‘इंजिनकाम केलेलं आहे’ असं ऐकलं की खूश होऊ नका, पावती मागा. लायनर-पिस्टनचा संच कोणता, क्रँक घासला का, घासला तर कितव्या साइझवर? क्रँक दहा, वीस, तीस (इंचाचे हजारावे भाग) अशा पायऱ्यांनी घासला जातो आणि दर वेळी जाड बेअरिंग घालावं लागतं. शेवटच्या साइझवर पोचलेल्या क्रँकला पुढच्या वेळी घासायला जागा नसते, बदलावाच लागतो. पावती नसेल तर निदान काम कुणी केलं त्या मिस्त्रीचं गाव विचारा आणि जाऊन भेटा. मिस्त्री सहसा खरं सांगतात, कारण तो ट्रॅक्टर परत त्यांच्याकडेच येणार असतो.

क्लच, गिअर, ब्रेक

समोर मोकळी, सपाट जागा बघून वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, मध्यम रेसवर क्लच सोडा. इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं. रडत-ओढत चालू राहिलं तर प्लेट घसरतेय. क्लच प्लेट स्वतः फार महाग नसते. महाग पडतं ते ट्रॅक्टर मधोमध सोडवणं. म्हणून एकदा सोडवला की प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील हे सगळं एकदमच करून घ्यावं लागतं. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाला एक बारीक भोक असतं, बोट लावून बघा. तिथून काळं पातळ तेल ठिबकत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलंय, आणि घट्ट, पिवळसर तेल असेल तर गिअरबॉक्सचं. दोन्हीसाठी ट्रॅक्टर सोडवावाच लागतो. ड्युअल क्लच असेल, तर पेडल अर्धं दाबल्यावर चाकं थांबून पीटीओ फिरत राहायला हवा. दोन्ही एकदमच थांबत असतील तर जुळणी बिघडली आहे, किंवा कुणीतरी खर्च वाचवायला साधी प्लेट घातली आहे.

सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्स आणि हाय-लो धरून. उताराला भारावर गिअर उडी मारून निघाला तर दात झिजलेत, आणि असा ट्रॅक्टर घाटात ट्रॉली घेऊन उतरताना जीव घेतो. मागून सायरनसारखा बारीक आवाज येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर क्राउन-पिनियनकडे बोट जातं.

ब्रेकची दोन पेडलं पट्टीने जोडून २० च्या वेगाने ट्रॅक्टर दाबून थांबवा. तो सरळ थांबायला हवा. एका बाजूला ओढत असेल तर दुरुस्तीनंतरच पैसे. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर-खाली हाताने हलवा. खट् असा धक्का लागला तर किंगपिन किंवा बुश. पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनेचा खेळही तेव्हाच कळतो. साध्या स्टिअरिंगला दोन इंचांचा खेळ चालतो, त्यापुढे नाही.

लिफ्ट

लिफ्टची परीक्षा ट्रॅक्टर गरम असताना, रोटाव्हेटर लावून घ्यायची. मोकळ्या पाट्यांवर सगळ्यांची लिफ्ट चालते. अर्धा-पाऊण तास रोटा मारा, मग रोटा पूर्ण वर घेऊन इंजिन बंद करा. खालच्या पाट्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चार-पाच सेंटिमीटर खाली आला तर जुन्या ट्रॅक्टरला माफ. दोन मिनिटांत जमिनीला टेकला, तर पिस्टनचं सील, कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा दोन्ही. इंजिन चालू असताना लिफ्ट दर काही सेकंदांनी मान डोलावत असेल, तर तोच रोग सुरुवातीच्या अवस्थेत आहे. थंड असताना उचलते आणि तापल्यावर उचलत नाही, असं असेल तर पंप घासलाय.

लिफ्टला दोन लिव्हर असतात, पोझिशन आणि ड्राफ्ट. ड्राफ्ट कंट्रोल म्हणजे नांगर कठीण जागी अडला की तो आपसूक थोडा वर येणं, म्हणजे इंजिन दबत नाही आणि डिझेल वाचतं. बरेच चालक ते वापरतच नाहीत आणि त्याचा स्प्रिंग गंजून बसतो. पलटी नांगर चालवायचा असेल तर हे चालतं का ते नांगर लावूनच बघा. रोटाच मारणार असाल तर यावर वेळ घालवू नका, पण भाव पाडायला ते उपयोगी पडतं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. गुठ्ठे उंच असले तरी टायर नऊ-दहा वर्षांचा असेल तर बाजू तडकलेल्या दिसतात. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर रिमचा आतला गंज तपासायला व्हॉल्व्हच्या भोवती ठोकून बघा.

कागद

इंजिन बरं आहे म्हणून इसार देऊन मोकळं होणारे पुढे आरटीओच्या खेपा घालतात. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या ठोकलेल्या नंबरशी अक्षरन् अक्षर जुळवा; घासल्याची खूण किंवा फक्त तेवढ्याच भागावर नवा रंग दिसला तर पुढे जाऊ नका. सरकारच्या परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची आणि मग नूतनीकरण दर वेळी ५ वर्षांचं, त्यामुळे १४ वर्षांचा ट्रॅक्टर घेताना पुढच्या वर्षीचा तो खर्च भावात धरा. नोंदणी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षेची नंबरप्लेट बसवलेली आहे का बघा. नसेल तर ती बसवून मगच कागद हलवा.

कर्जाचा बोजा दोन ठिकाणी असू शकतो. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा बेबाकी दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. दुसरी जागा विक्रेत्याचा सातबारा. ट्रॅक्टरच्या कर्जापोटी जमिनीवरही बोजा चढवलेला असतो, म्हणून इतर हक्काचा रकाना वाचा. ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल, तर ठरावीक वर्षं विकणार नाही असं हमीपत्र दिलेलं असतं. ती मुदत संपली का ते विचारा.

मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पुणे (एमएच १२), पिंपरी-चिंचवड (एमएच १४) आणि बारामती (एमएच ४२) ही कार्यालयं वेगवेगळी आहेत. बाहेरच्या कार्यालयाचा ट्रॅक्टर असेल तर एनओसीचा फॉर्म २८ लागतो का ते आधी विचारा. परराज्यातल्या ट्रॅक्टरला तो लागतोच. विमाही स्वतःच्या नावावर करायचा, त्याचीही मुदत १४ दिवसांचीच. विमा शेतीवापराचा असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने मुरूम वाहताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिची नोंदणी वेगळी असते. तिचा कागद नसेल तर ती ट्रॉली नुसतं लोखंड समजून भाव करा.

इसारपावतीत नंबर, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, उरलेली कधी, आणि ‘कागद नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देय नाही’ ही ओळ हवीच. ताबा घेतला तो दिवस आणि वेळही लिहा. त्याआधी कुठे अपघात वा दंड झाला असेल तर तो कुणाचा, हे त्या वेळेवर ठरतं.

भाव कधी आणि कसा

ऊसतोड मार्च-एप्रिलमध्ये उरकली की वाहतुकीचे ट्रॅक्टर विकायला निघतात. तेव्हा भाव पडतो, पण येतात तेही तेच, हुकाचं भोक अंड्यासारखं झालेले. पाडवा आणि दसऱ्याला नवे ट्रॅक्टर घेणारे जुना बदलून देतात, त्यानंतरचे दोन-तीन आठवडे घरचे ट्रॅक्टर शोधायला चांगले. मेअखेर, पेरणीच्या तोंडावर, कुणी भाव सोडत नाही. आणखी एक मुद्दा हातात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या भावाशी तुलना करून कुणी जुन्याची किंमत सांगत असेल, तर त्याच मॉडेलच्या नव्याची आजची किंमत समोर ठेवा. टायरवरचा करही तेव्हाच १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे ‘टायर नवे टाकलेत’ याची किंमतही आजच्या दराने धरायची.

भाव करताना एकेक दोष बोलून विकणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा मिस्त्रीकडून कागदावर खर्च मांडून घ्या: क्लच, सील, लिफ्टचं काम, टायर, बॅटरी, कागद. बेरीज विकणाऱ्यासमोर ठेवा. त्या बेरजेत ट्रॅक्टर सोडवण्याची मजुरी दोनदा आली असेल तर ती एकदाच धरा. चांगला विक्रेता ती चूक बरोबर पकडतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी रोटा मारायला नेऊ नका. इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेलचे दोन्ही फिल्टर, एअर क्लिनरचं तेल हे सगळं बदला आणि सगळे ग्रीस निप्पल ग्रीस निघेपर्यंत भरा. गिअरबॉक्सचं तेल मॉडेलप्रमाणे तीस ते पन्नास लिटरच्या घरात असतं, म्हणून बरेच जण ते टाळतात; पण त्यात पाण्याचा अंश दिसला असेल तर तेही आत्ताच. आवर मीटर बंद असेल तर केबल जोडून त्या दिवशीचा आकडा तारखेसह टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा. पुढच्या ऑइल बदलाचे २५० तास तिथूनच मोजायचे.